अडीचकी

टेपचं एक टोक यशोधनच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्या हातात, मधे बारा फुटांची खोली
जिच्याशी आता मीटरमध्ये बोलावं लागतं.
लांबी तीन पॉइंट पासष्ट, रुंदी दोन पॉइंट पंच्याऐंशी,
उंची दोन पॉइंट चार. छत पांढरंच राहू दे.

बॅरोमध्ये घर घेतलं म्हटलं की लोक आधी विचारतात
समुद्र दिसतो का.
दिसते ती गोदीची क्रेन, आणि तिच्या मागे
जे राखाडी आहे त्यातलं पाणी कुठलं, आभाळ कुठलं
ते भरतीचं वेळापत्रक बघून ठरवायचं.

परिमिती तेरा. गुणिले दोन पॉइंट चार.
एकतीस पॉइंट दोन. वजा दार, दीड.
वजा खिडकी, एक पॉइंट सहा.
राहिले अठ्ठावीस आणि चिमूटभर.
रंगाचे दोन हात द्यायचे, म्हणजे छप्पन्न.
डब्यावर लिहिलंय, लिटरला बारा चौरस मीटर.
म्हणजे पावणेपाचला थोडे कमी.
"अंदाजपंचे पाच," यशोधन म्हणतो.
तो चहात साखरही अशीच घालतो.

डबे मिळतात अडीच-अडीच लिटरचे.
आणि इथे, आयरिश समुद्राच्या काठावर, छत्तीस वर्षांनी
अंगात येते अडीचकी:
अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात.
अभ्यासक्रमात नव्हती, तरी घाटे मास्तर
बाकावर पट्टी आपटत म्हणवून घ्यायचे.
तेव्हा वर्गात कुणीच विचारलं नाही
की जगात अडीच-अडीचने विकतात तरी काय.

वॉलपेपर ओला करून सोलला.
फुलांखाली पट्टे, पट्ट्यांखाली जुना डिस्टेंपर,
तोही खरवडला, तर दाराच्या उजवीकडे पेन्सिल:

४३ × ८ = ३४४
− १६ = ३२८
जे. ऑर्मरॉड, मार्च १९५६

मी तपासून पाहिलं. रात्रपाळीच्या नर्सला
दुसऱ्याचं गणित तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही,
सलाइनचे थेंब मोजून मोजून लागलेली खोड.
त्रेचाळीस आठे तीनशे चव्वेचाळीस. बरोबर.
सोळा दाराचे. बरोबर.
खिडकी वजा करायला मात्र गडी विसरला.

"विसरतोय कसला," शेजारची डोरीन म्हणाली,
खिडकीच्या कट्ट्यावर मग ठेवत.
"खिडकीच नव्हती. जिम गोदीत रात्रपाळीला,
दिवसा झोपायला अंधार हवा म्हणून ही खोली.
भिंत फोडली ती रिटायर झाल्यावर.
गल्लीभर विटांची धूळ, माझी धुणी सगळी लाल,
आणि हा आत खुर्ची टाकून बसलेला,
बाहेर बघत. दुपारचे दोन वाजले होते."

ती गेल्यावर चौकटीभोवती हात फिरवला.
प्लास्टर तिथे खरंच वेगळं आहे, जरा फुगीर.
माझे जाड काळे पडदे अजून पाकिटात आहेत.
मीही सकाळी आठला निजते.

एक पॉइंट सहा, गुणिले दोन, भागिले बारा.
म्हणजे त्या खिडकीने माझा
पाव लिटर रंग वाचवला. पावला थोडा जास्तच.

दुकानातला मुलगा म्हणाला, उघडं प्लास्टर रंग पितं,
पहिल्या हातात पाणी घाला,
आणि घ्यायचे ते एकाच बॅचचे घ्या,
मागाहून आणलेला डबा जुळत नाही.
मी म्हटलं, तीन दे. हातचा एक.

दोन हात झाले. ओल्या वाळूचा रंग, पत्रकावर दिसला होता
त्याहून गडद. संध्याकाळी दिवा लावला
तर दाराच्या उजवीकडे
पुसट तीन, पुसट चार, अजून एक चार.
"तिसरा हात दे," यशोधन म्हणाला,
"डबा आहे ना."

आहे. जिन्याखाली, झाकणही न उचकटलेला.
मी त्याच्यावर तारीख घातली, खोलीचं नाव घातलं,
बॅच नंबर उतरवून घेतला.
मग साडेसहा वाजले, आणि नखांतला रंग तसाच ठेवून
मी ड्यूटीला निघाले.