पंचविसाचा कट्टा

तीन घरांनी तीन कागद आणून ठेवले
साखर पेठेतल्या माझ्या दुकानात, खळीच्या डब्याशेजारी.
प्रत्येकाचं म्हणणं, हाच मूळ.
कन्ना चौकात दगड बसायचाय,
त्यावर नावं कोरायचीत,
आणि चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्याला म्हणे
कागदाचा वास कळतो.

हलकुड्यांचा मोडीत. शाई तपकिरी, वळण झोकात.
‘आम्ही सात जण’ अशी सुरुवात,
पहिली सही अर्थातच गुरुसिद्धप्पा हलकुडे.
उजेडाकडे धरला तर आत जलचिन्ह दिसलं,
ज्या कागद गिरणीचं, ती गिरणीच
शपथेनंतर सहा वर्षांनी सुरू झालेली.

येमुलांचा तेलुगूत. मी बोट ठेवून वाचतो, सावकाश.
यात आठ जण. आठव्या जागी नाव नाही,
नुसतं ‘विडीवाली’.
(हे मागनं घुसडलंय, हलकुडे म्हणाले.)
आणि एक कलम जास्तीचं:
पकडले गेलो तर
कागद नव्हताच असं म्हणावं.

नदाफांचा उर्दूत, पगाराच्या चिठ्ठीमागे,
कोपऱ्यात मागाच्या तेलाचा डाग.
कागद जुना, वादच नाही.
खाली सात अंगठे.
भिंग लावलं. सातही एकाच माणसाचे.

बोललो नाही काही. चहा मागवला.
तिघांनी तीन दिशांना तोंडं करून प्याला.

मग रविवारी विडी घरकुलात गेलो,
राजव्वा चिलवेरीची सून अजून आहे म्हणून.
नव्वदीची. मांडीवर सूप, बोटं थांबत नाहीत.
“कशाला भांडतात बे ती पोरं?
तो कागद तर अत्तम्मानं वळला.
फौजदार दारात, ही सुपापाशी.
कात्रीनं पट्ट्या केल्या, पानात घातल्या,
वर तंबाखू, दोरा. पंचविसाचा कट्टा पुरा.
त्यानं पीठसुद्धा उपसलं. काय नाही.
जाताना सुपातली एक उचलली,
उंबऱ्यातच शिलगावली.”

कुठली ओळ असेल त्यात?
“मला काय ठाऊक. अत्तम्माला वाचता कुठं येत होतं?
म्हणायची, खोकला लई आला मेल्याला.”

उरलेल्या चोवीस कारखान्यात गेल्या.
दोन छाट निघाल्या, त्यांची मजुरी कापली.
ते मात्र तिला मरेपर्यंत पाठ होतं.

तिन्ही कागद मी एकाच बांधणीत शिवले.
कुठला आधी, यावरून दुकानात पुन्हा जुंपली,
तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या.
सगळ्यांच्या आधी एक कोरं पान घातलं.
समितीचे चिटणीस म्हणाले, हे कशाला?
म्हटलं, बांधणीत लागतं.

दगड अजून चौकात पालथाच पडलाय, गोणपाटाखाली.
दुपारी त्याच्यावर हमाल बसतात.
कुणीतरी विडी पेटवतो,
आणि मी, चष्मा कपाळावर सारून,
उगीचच त्या धुराकडे बघत राहतो.