उघडीप

वहीत मी लिहितो ते एवढंच:
तारीख, किती पंप, वारा कुठून.
वारा बहुतेक वेळा अंजनेरीकडून.
खाली सही, र. गो. आडके.
गवत कसं दिसतंय, याला रकाना नाही.

सप्टेंबर होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं,
नदीचा दमट वास मैदानापर्यंत आलेला,
आणि मिडविकेटला, जिथे ऊन उशिरा पोचतं,
दहिवरात पांढरं जाळं.
कोळ्याचं म्हणावं तर कोळी कुठेच नाही.
उचलायला गेलो तर बोटाला लागली
फक्त ओल.
खाली रुपयाएवढे वाळके ठिपके,
कुणाच्या तरी फाटक्या खिशातून
रात्रभर सांडत गेल्यासारखे.

मी आधी द्राक्षांत होतो, पिंपळगावला, चौदा हंगाम.
डाऊनी, भुरी, करपा, सगळ्यांशी तोंडओळख.
पण द्राक्षाचं पान औषध अंगावर घेऊन
जागेवर थांबतं.
गवत थांबत नाही.
आज भिजवलेला शेंडा परवा वर सरकलेला असतो
आणि खालून येतं ते कोवळं, उघडं,
ज्याला औषधाचं नावही ठाऊक नाही.

गुरुवारी संध्याकाळी वारा पडला.
बारा पंप मारले.
घरी जाताना पांडवलेणीच्या डोंगरावर एकच ढग,
तोही जायच्या घाईत.

शुक्रवारी पहाटे निवृत्ती बेंडकुळेनं मशीन काढलं.
शनिवारी सोळा वर्षांखालच्या पोरांचा सामना,
सेक्रेटरींचा फोन: गवत बारीक पाहिजे.
मी सायकल लावेपर्यंत अर्धं मैदान उरकलेलं.
माझे सहा पंप टोपलीत भरून
तो पॅव्हेलियनमागे ओतत होता.

भांडलो. मोठ्यानं. माळ्याची पोरं बघत राहिली.
तो म्हणाला, "तू मारलंस,
हे गवतावर लिहिलेलं असतं का?"
मग त्यानं मशीन उलटं केलं, पातं दाखवलं.
"हे कापत नाही, चावतं.
जूनपासून धार मागतोय."
शेंडे खरंच चिंध्या झालेले,
आणि प्रत्येक चिंधी म्हणजे
बुरशीला उघडं ठेवलेलं दार.

उरलेल्या अर्ध्यावर दहाच्या सुमारास
तोच ढग परत आला.
रात्रभराच्या दहिवरात औषध सुकलंच नव्हतं.
वीस मिनिटं पडला.
लेबलवर 'आंतरप्रवाही' लिहिलंय,
पण आत शिरायलाही
थोडी कोरडी वेळ लागते.

सामना झाला. कोण जिंकलं, आठवत नाही.
आठ दिवसांत ठिपके एकमेकांना भेटले,
रुपयांच्या ताटल्या झाल्या.
फक्त पॅव्हेलियनमागचा ढीग कुजेना.
वास नाही, वाफ नाही, बुरशीचा केस नाही.
बेंडकुळे त्यावर पाय देऊन उभा राहिला.
"आडके," म्हणाला, "औषध चांगलंय रे तुझं."

आता आधी तो, मग मी.
पहाटे आम्ही लांब दोरीची दोन टोकं धरतो
आणि मैदानभर ओढत चालतो,
दहिवर झाडत.
बोलत नाही फारसे.
दोरी जड झाली की कळतं, रात्र किती ओली होती.
मग धार लावलेलं पातं. मग पंप.
मग दोन दिवस मशीनला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.
सेक्रेटरींचा फोन बेंडकुळे घेतो,
ऐकू कमी येतं म्हणतो.

पावसाला कुलूप नाही.

वहीत मी एक रकाना वाढवलाय,
पट्टी नव्हती म्हणून जरा वाकडा:
उघडीप, किती तास.
काल लिहिलं, "नऊ, बहुतेक."
बेंडकुळेनं 'बहुतेक' खोडलं,
अंजनेरीकडे पाहिलं
आणि स्वतःच परत लिहिलं.