गार असतानाच

सकाळी पावणेसहाला शिरोलीतून निघते तेव्हा
बॉनेटखाली कुणीतरी सुपारी फोडत असतं.
टक्. टक्. टकटक.
गिअर टाकला की जोरात,
पंचगंगेच्या पुलावर आणखी जोरात,
आणि उद्यमनगरात लेथवाल्यांच्या दारात पोचेपर्यंत
गप्प.
जणू कुणी बोललंच नव्हतं.

पिकअप अठ्ठ्याण्णवची.
माझ्याकडं आली तेव्हाच दोन मालक पचवून आली होती.
पाठीवर पंपांच्या बॉड्या, व्हॉल्व्हची झाकणं,
अजून वाळू झडणारं कच्चं बीड.

हायवेवरचा रणजित म्हणाला, बेरिंग गेलंय.
इंजिन उतरावं लागंल, चाळीस हजार धरून चाला.
हे तो मला म्हणाला नाही,
शेजारी उभ्या माझ्या भावाला म्हणाला,
ज्याला क्लच कुठल्या पायानं दाबायचा तेही
मला विचारावं लागतं.
मी तो आवाज करून दाखवला, जिभेनं, टाळूवर.
दोघंही हसले.

मग शिकलगारांचा दस्तगीर.
चाळीस वर्षं घणाच्या शेजारी गेलेली,
उजवा कान बंद, डावा अर्धा.
आवाज घेऊन त्याच्याकडं कोण जातं?
मी गेले.
खिशात चाळीस हजार नसले की
माणूस बहिऱ्यालाही ऐकवून बघतं.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.
"पुन्यांदा कर."
केला.
"गार असताना?"
व्हय.
"तापल्यावर?"
जातो.
"मग ठेव हितंच. रातभर गार होऊ दे.
तापलेल्या गाडीला काय इचारायचं,
ती खोटंच बोलती."

दुसऱ्या दिवशी सहाला तौफिकनं शटर अर्धंच उचललं,
आम्ही वाकून आत.
गल्ल्यावर उदबत्ती, बॉनेटवर दव.
दस्तगीरचाचानं फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
लाकडी मुठीवर दातांच्या जुन्या खुणा.
मूठ दातांत धरली, टोक इंजिनावर टेकवलं
आणि मला मान हलवली: मार सेल.

टॅपेटच्या झाकणावर. डिझेल पंपावर.
खाली, ब्लॉकच्या पोटाशी, बराच वेळ.
डोळे मिटलेले,
हनुवटीवरचे पांढरे खुंट थरथरत होते.
मग मूठ तोंडातून काढून, पुसून, म्हणाला,
"बेरिंग दाढंत बोलतं.
ह्ये नुसतं ओठावर हाय.
आतलं न्हवं ह्ये."

गल्ल्यावरची उदबत्ती उपसली
आणि सायलेन्सरला जाणाऱ्या नळ्यांच्या मुळाशी धरली.
पहिलीपाशी धूर सरळ.
दुसरीपाशी सरळ.
तिसरीपाशी उडाला.
टक्, उडाला. टक्, उडाला.
चार महिने एकटीनं ऐकलेला आवाज
पहिल्यांदा दोघांना दिसला.
तौफिक धरला तर तिघांना.

एक स्टड तुटलेला. गॅस्केटवर काजळीचा पिसारा.
"तापलं की लोखंड फुगतं, फट मिटती.
गार झालं की परत तोंड उघडतं."
चाचा हे फार मोठ्यानं बोलला, बहिरी माणसं बोलतात तसं,
समोरच्या टायरवाल्यानंही ऐकलं.

स्टडच्या थोटकावर नट वेल्ड करून त्यानं ते पिळून काढलं.
तेवढ्यात दोन चहा झाले.
साडेसातशे झाले. त्यानं ते दोनदा मोजले.
तुटका तुकडा मी मागून घेतला,
रणजितच्या टपरीवरून जाताना
काचेतून दाखवावा म्हणून.
दाखवला नाही. तो शटर उघडत होता, पाठमोरा.

आज पुलावर टकटक नव्हती.
इतकी नव्हती, की मागं एक झाकण दुसऱ्यावर
घासतंय ते कळलं,
नदीकडच्या काचेची फट शिटी घालते ते कळलं,
आणि डाव्या चाकाकडून कुठनं तरी
एक बारीक किणकिण,
तापल्यावरही न जाणारी.

ती मी अजून कुणाला करून दाखवलेली नाही.