समास

जिल्हा कोर्टासमोर, निंबाखाली, माझं टेबल.
पारा सेहेचाळीसवर, कार्बन बोटांना चिकटतो.
"बोला," मी म्हणते. दिवसभर हेच म्हणते.

गड्डीगोदामचा पेंटर झिबल बोरकुटे
भिंतीवर लिहून बसला:
नळ आमच्या दारात, पाणी नगरसेवकाच्या टाकीत.
अब्रुनुकसानी. आता माफीनामा.
"काऊन मागू माफी? खोटं हाय का?"
वकील सांगतो, नुसतं खरं असून भागत नाही,
त्यात लोकांचं हितही दाखवावं लागतं,
अन् तोवर तारखा.

परवा याच स्टुलावर दुसरा होता.
एक खोटी ओळ मोबाईलवरून सोडली त्यानं,
संध्याकाळी तीन हातगाड्या जळल्या.
त्याच्याही अर्जात हेच कलम,
एकोणीस, एक, क.
मी दोन्ही वेळा कळा सारख्याच दाबल्या.
जेवण मात्र परवा गेलं नाही.

पानाच्या डावीकडे दोन बोटं कोरी सोडायची.
तिथून सुई जाते, दोरा जातो,
नाही तर फायलीत पान फाटतं.
हे मला पटतं.
पण मोजपट्टी कोणाच्या हातात,
ते टाईप करायला कोणी सांगत नाही.
नुसत्या समासाची पानंही पाहिलीत मी.

झिबलनं माफीनामा दोनदा वाचला, सही केली.
मग पेन परत न देता
त्या कोऱ्या दोन बोटांत, बारीक, पेंटरच्या वळणात:
नळ अजून कोरडाच.
"बाई, चालते का हे?"

वकील चहा सांगायला गेला होता.
मी सुई
शब्दांच्या बाजूनं घातली.