काचेमागून

पहिल्या दिवशी ओप्रिशबाईंनी मला काहीच शिकवलं नाही.
भिंतीवरचं एक चित्र उतरवलं, पालथं ठेवलं
आणि म्हणाल्या, आता इथून बघ.

पाठीमागे नुसता राडा होता.
तपकिरी फासलेलं, वर चुलीच्या धुराची साय,
कोपऱ्यात कुण्या शेतकरी चिताऱ्याचा अंगठा,
दीडशे वर्षांनंतरही ओला वाटणारा.

काचेवर उलटं काढावं लागतं, त्या म्हणाल्या.
आधी पापणीची रेघ, मग डोळा,
डोळ्यावर गाल, गालावर आभाळ.
जे सगळ्यांत पुढं दिसणार ते सगळ्यांत आधी,
आणि चुकलं तर चुकलं.
लक्षात येईपर्यंत त्यावर आभाळ बसलेलं असतं.

कार्पेथियनच्या पायथ्याशी जुनी शाळा,
तीन खोल्या, चारशे बारा काचा.
बर्फातही शेगडी पेटायची नाही;
ऊब रंगांना सोसत नाही, पापुद्रे सुटतात.
बाई कोटावर कोट घालून बसायच्या,
बोटं काखेत धरायच्या, मग पुन्हा कुंचला.
गुडघे गेले ते या मंडळींपायी:
प्लेगला टाचेखाली दाबून उभा हारालांबिये,
गालफडं बसलेला निकोलाये,
रडून नाक लाल झालेली मारिया.
चिताऱ्याचा हात घसरला असणार, बाई म्हणायच्या,
पण शोभतं तिला.

देवावर विश्वास आहे का,
शहरातून आलेल्या एका पत्रकारानं विचारलं.
बाईंनी भिंतीवरचा काटा वाचला:
आर्द्रता पंचावन्न.
त्यानं ते लिहूनही घेतलं.

तरुणपणी त्या सायकलवरून गावं फिरल्या.
कुठं साखर देऊन, कुठं नवं छापील चित्र देऊन
घराघरांतल्या पूर्वेच्या भिंती मोकळ्या करत आल्या.
नाहीतर फुटल्या असत्या, विकल्या असत्या, हे खरंच.
पण दोनशे सातबद्दल बोलताना
त्या हे वाक्य कधी वापरायच्या नाहीत.

दोनशे सात म्हणजे इलिये, आगीच्या रथातला.
चितारी नाव उलटं लिहायला विसरला,
म्हणून पुढून बघितलं की अक्षरं पाठमोरी.
सावेता मोल्दोवानच्या घरचा तो.
खिडकीच्या दोन तावदानांच्या बदल्यात दिला;
त्या वर्षी थंडी फार होती आणि मूल तान्हं.
तिला वाचता येत नव्हतं.
नाव चुकलंय हे तिला कुणी सांगितलं नाही.

मग दर जुलैत, इलियेच्या दिवशी,
ती अकरा किलोमीटर चालत यायची
आणि तिकीट काढायची.
पहिल्या वर्षी बाईंनी पावती फाडून दिली.
ते त्यांनी मला एकदाच सांगितलं,
खिडकीबाहेर बघत.

हात लावू नये, अशी पाटी होती.
सावेता हात लावायची नाही.
हात पाठीमागे बांधायची, वाकायची
आणि काचेवर ओठ टेकवायची.

संध्याकाळी बाई कापूस घ्यायच्या,
जिभेवर ओला करायच्या.
आमच्या धंद्यात थुंकीसारखं सौम्य दुसरं काही नाही.
हिच्या तोंडचं त्यांच्या तोंडच्यानं पुसलं जायचं,
एकतीस वर्षं.

सावेता मार्चमध्ये गेली, उपासाच्या दिवसांत.
बाईंची नोकरी संपली जुलैअखेर.
किल्ल्यांचा जुडगा, भिंगं, मांजराच्या केसांचे तीन कुंचले
आणि नोंदवही, सगळं टेबलावर ठेवून गेल्या.
निरोप नको म्हणाल्या, केक मात्र खाल्ला.

वही मी पावसाळी दिवशी वाचायला घेतली.
क्रमांक दोनशे सात, शेवटची ओळ, एकवीस जुलै:
पुढील बाजूस, डावीकडे खाली, ओठांचा ठसा.
पुसू नये.

वीस तारखेला तिकिटाच्या खिडकीत मीच होतो.
दिवसभरात कुणी आलं नव्हतं.

मी आर्द्रता बघतो. छप्पन्न.
खिडकी जराशी उघडतो.