उसन्या घोडीचा चढ

सकाळचे नऊ. उजेड अजून दाराशीच घुटमळतोय,
आत येऊ की नको.
टॉर्मोड, माझा बाप, खिडकीपाशी,
दोन्ही गुडघे घोंगडीत गुंडाळून सांगतोय:
"वरच्या कुंपणाचा तिसरा खांब बघून ये.
परवाच्या वादळात कलला असणार."
कुंपण काढून अकरा वर्षं झाली.
मी म्हणते, बघते.

थर्मास, ओटच्या दोन भाकऱ्या, मोज्यांचे दोन जोड.
एफीच्या घरानंतर डांबर संपतं
आणि माळ सुरू होतो, मग नुसता माळच,
मेलेल्या गवताच्या त्या रंगाचा
ज्याला माझ्या शाळेच्या इंग्रजीत एक शब्द,
बापाच्या गेलिकमध्ये पाच.
गोठलेल्या डबक्यावर पाय पडला
की काच एकदाच बोलते,
आणि खालचं काळं पाणी बुटात.

नकाशात इथं फक्त उंचीचे आकडे.
बापानं मात्र लहानपणी बोटाला धरून
हा सगळा ओसाड मुलूख माणसांत आणला होता:
ही म्हातारीची खुर्ची.
ही दूध सांडलेली घळ.
तो उसन्या घोडीचा चढ.
कुणाची घोडी, कुणी आणली, परत केली की नाही,
विचारलं की म्हणायचा, "घोडीला विचार."

चढावर बर्फ लागला. घोट्याएवढाच,
पण वरून कडक आणि आत पीठ,
दर पावलाला एक फसवणूक.
खिंडीत वारा असा
की डोळ्यांतलं पाणी कानांकडे वाहिलं.
पलीकडच्या उतारावर तांबड्या हरिणी.
मोजल्या: एकतीस.
पुन्हा मोजल्या: एकोणतीस.
दोघी गेल्या कुठं? की दोन दगडच होते ते
आणि मीच त्यांना जीव लावला?

एक पांढरा पक्षी बर्फातून उठला,
म्हणजे बर्फच उठला,
चार हातांवर जाऊन पुन्हा बर्फ झाला.

दीडला सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकला,
चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा,
आणि निघालाच.

कुंपणाच्या जागी आता खड्ड्यांची एक रांग.
मोजत गेले. तिसऱ्याशी थांबले.
का कोण जाणे, हातमोजा काढून
बर्फात हात घातला, कोपरापर्यंत.
तळाशी लाकडाचा कुजका बुंधा होता,
खरंच एका अंगाला कललेला.

उतरताना माझीच पावलं
समोरून वर येत होती.
एकमेकींना वाट देत आम्ही निघून गेलो.

घरी पोचले तेव्हा चार, मिट्ट अंधार.
"कलला होता?"
"हो."
"कुठल्या बाजूला?"
"समुद्राकडं."
"मग वारा जमिनीवरून आला,"
असं म्हणून तो त्या वाऱ्यापाशी
बराच वेळ बसून राहिला.
सकाळी आलेल्या एफीचं नाव त्याला आठवत नव्हतं.
मलाही दोनदा बहिणीच्या नावानं हाक मारली.

मी शेगडीपुढं बूट उलटा केला.
काळं पाणी वर्तमानपत्रावर पसरलं.
त्यानं वाकून वास घेतला,
विस्तवाकडं बघतच म्हणाला,
"घळीतून गेलीस.
मी असतो तर वरून गेलो असतो."