छप्पर नसलेलं

पियेदाद मार्तीस तीन महिने लिस्बनला होती, मुलीकडे.
आज कोर्लईहून पूल ओलांडून आली,
मुळ्यांची टोपली पायरीवर ठेवली
आणि आमच्या रेवदंड्याच्या वाडीत, पोफळींच्या सावलीत,
मला तिथली देवळं सांगत बसली.

देवळंच म्हणते ती.
एका दिवसात सात. जावयाने मोजून दाखवली.
गुडघ्याला पट्टा, रस्ते सगळे चढाचे,
फरसबंदी अशी गुळगुळीत
की वाटावं, ओहोटीच्या खडकांवरून चाललोय.

एकात सोनं इतकं
की म्हणे, हात जोडताना बांगड्या मागे सारल्या.
एकात संताचं हाड, काचेत.
एकात मेणबत्तीच नाही:
नाणं टाकलं की विजेचा दिवा लागतो,
आणि थोड्या वेळाने आपला आपण विझतो.
"एवढ्यात माझी अर्धी माळसुद्धा होत नाही, मोरूभाऊ!"
पुन्हा नाणं टाकायला जावयाकडे मागायचं कसं?
उरलेली माळ तशीच राहिली.

एका दारात तिने बूट काढले, सवयीने.
रखवालदार धावत आला,
हाताने सांगू लागला, घाला, घाला.
फरशी बर्फासारखी.
बाकावर एक म्हातारी होती, तिला हिने विचारलं, इथे बसू का,
आपल्या घरातल्या बोलीत,
ज्या बोलीत ती कोंबड्यांना हाकलते, नातवाला दटावते.
म्हातारीने ते शब्द
जुनं नाणं उलटसुलट करून बघावं तसे ऐकले.
मग सरकून जागा दिली.

"आणि एक होतं छप्पर नसलेलं."
भूकंपात पडलं, पुन्हा घातलंच नाही.
कमानी तेवढ्या उभ्या,
माशाचं मांस खाऊन झाल्यावर काटा उरावा तशा.
उघड्या आभाळाचंही तिकीट घेतात.
नाव कार्मेल. आमच्या माउलीचंच, ती म्हणाली,
आणि तिथे मात्र मी रडले.
का, ते तिने सांगितलं नाही.
टोपलीतला एक मुळा काढून त्याची माती पुसत राहिली.

परवाच अश्दोदहून एक जोडपं आलं होतं,
सिनेगॉगची किल्ली कुणाकडे विचारत.
त्यांना चहा दिला, तेल्यांच्या आळीत पाठवलं.
या गावात येणाऱ्या प्रत्येकाला
कुठलं तरी दार हवं असतं.
मला कधी पडला नाही असला प्रश्न.

"तुझ्या या वाडीतला संत कोण?"
तिने सहज विचारलं.
मागे भिंत होती, माझी पाठ तिलाच टेकलेली.
वडील हिला पाद्र्याची भिंत म्हणायचे, एवढंच.
खांबावर मिरवेल चढवली ती त्यांनीच.
वेदी जिथे असेल तिथे पाच हॉर्सपॉवरची मोटर,
वर पत्रा, दोन विटांनी दाबलेला.
जिथे दार होतं त्या भगदाडातून
चाळीस वर्षं मी गमबूट घालून जातो,
शेणखताची ढकलगाडी पुढे लोटत.

"माहीत नाही," म्हटलं.
"असू दे," ती म्हणाली. "त्याला माहीत असेल."

उठली. भगदाडापाशी चपला काढल्या,
एकीवर एक, उलट्या पडू नयेत म्हणून जपून.
चिखल होता. तशीच आत गेली,
पायघोट्यांपर्यंत पाटाच्या पाण्यात
मोटरसमोर उभी राहिली,
आणि पदराखालून माळ काढून
मधल्याच एका मण्यापासून सुरू केलं.

मला बूट काढायला वाकता येईना.
खरं तर वाकता आलं असतं.
मी तिथेच उभा राहिलो, अर्धा आत.

पाणी नारळांची आळी भरून पुढे गेलं,
बांध ओलांडून शिरीष पाटलाच्या केळींत शिरलं.
तो पलीकडून ओरडला,
अरे, मोटर!

मी बंद केली नाही.